गोणीवरचे बाबा

कारखान्याच्या प्रत्येक गोणीवर बाबांचं तोंड छापलेलं होतं, आणि ते कोणालाच फारसं आवडत नसे. बाबांना तर मुळीच नाही. फोटो काढायला बसवलं त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती. त्यामुळे भुवया चढलेल्या, ओठ आवळलेले आणि डोळे असे, की समोरच्यानेच काहीतरी चोरलंय. गोण्या छापून आल्या तेव्हा ते म्हणाले, असू दे, खत विकायचंय, कुठे लग्न जमवायचंय माझं. पुढे बाबा गेले आणि तोंड गोणीवर राहिलं. गिऱ्हाईक दुकानात गेलं की खताचं नाव सांगत नसे, ते रागीट बाबांचं द्या म्हणत असे.

बाबांच्या मागे दोघं, थोरली आणि धाकटा. थोरलीला अख्खा कारखाना ताई म्हणायचा. धाकट्याला समोर साहेब म्हणायचे आणि त्याची पाठ वळली की धाकटा. बाबांनी जाताना सांगितलं होतं की ऑफिस, गाड्या आणि गिऱ्हाइकं धाकट्याने बघायची, ड्रम थोरलीने. कागदावर म्हणाल तर सगळं धाकट्याचंच. ताईने त्यावरून कधी नाक मुरडलं नाही. ऑफिसच्या खुर्चीत बसलं की तिला दहा मिनिटांत डुलकी लागायची, तिला काय करायचंय ऑफिस. ड्रमपाशी मात्र ती दिवसभर उभी राहायची आणि वर ड्रमशी भांडायचीही.

हा ड्रम म्हणजे खोलीएवढं लांब, आडवं निजवलेलं लोखंडी पिंप, सावकाश गोल फिरणारं. त्यात युरियाचे पांढरे दाणे पडतात. आतल्या पट्ट्या दाणे उचलून वर नेतात आणि वरून सोडून देतात, असा दाण्यांचा पडदा सतत पडत राहतो. त्या पडद्यावर नोझलमधून वितळलेलं गंधक फवारायचं. गंधकाचा थर बसला की त्यावर पातळ मेण, आणि शेवटी शंखजिऱ्याची पावडर, म्हणजे दाणे एकमेकांच्या गळ्यात पडत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. बाबा म्हणायचे, लेप चढवणं कोणालाही जमेल, भोक न ठेवणं जमलं पाहिजे.

आता एवढी उठाठेव कशाला, तर साधा युरिया पाणी लागताच विरघळून जातो. लेपाचा दाणा कुंडीत एकदा घातला की हंगामभर रोपाला थोडं थोडं खाऊ घालत राहतो. म्हणून रोपवाले तो एकदाच घालतात आणि साध्या खतापेक्षा कितीतरी जास्त घालतात. मेख इथेच आहे. लेप फसवा निघाला तर हंगामभराचं जेवण एकाच दिवशी मुळांवर कोसळतं आणि मुळं करपून जातात. साधं खत हलकं निघालं तर रोप उपाशी राहतं, लेपाचं खत खोटं निघालं तर रोप मरतं. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ताईच्या जिवाला ते लागून राहिलेलं असायचं.

आणि लेप धड बसायचा तर दाणा आधी गरम हवा. त्यासाठी मोठ्या ड्रमच्या आधी एक छोटा ड्रम होता, त्याला सगळे तापवणी म्हणायचे. खाली बर्नर, वर दाणे. गरम दाण्यावर गंधक पडलं की ते पसरतं आणि दाण्याला सगळीकडून कवेत घेतं. ऐन हंगामाच्या तोंडावर, रोपवालीची अख्खी लॉरी भरायची असताना, तो बर्नर तडकला.

रोपवाली म्हणजे कारखान्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. बाईची मोठी रोपवाटिका, गुलाबापासून फळझाडांपर्यंत कुंड्याच कुंड्या. दर हंगामाला ती स्वतः लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून यायची. नवा बर्नर लांबून यायचा होता, निघालाय निघालाय एवढंच कळत होतं. आणि धाकट्याने बाईला माल न्यायचा दिवस देऊन ठेवला होता.

धाकटा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्याच्यावर डूख धरून बसाल. बाबा गेल्यावर लोक म्हणाले होते, आता या पोराच्या हातून कारखाना काही टिकत नाही. तेव्हापासून दिलेला दिवस त्याने कधी चुकवला नव्हता, तापात असतानाही नाही. तो दिवस पाळणं हाच त्याचा धर्म होऊन बसला होता. त्यामुळे बर्नर तडकला तेव्हा तो थेट ड्रमपाशी आला आणि म्हणाला की दाणे थंडच घाला आणि गंधक दुप्पट मारा, म्हणजे हिशेब बरोबर.

ताईने आधी हसून घेतलं. तिला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचं तोंड बघून तिचं हसू आटलं.

"थंड तव्यावर पीठ ओतून बघितलंयस कधी?" ती म्हणाली. "पसरतं का ते? जागच्या जागी गोळा होऊन बसतं. गंधक तसंच बसणार. मधे उघडी जागा राहणार. तू दुप्पट मार नाहीतर चौपट मार, गोळ्यावर गोळा बसेल."

धाकटा म्हणाला, वर मेण जास्त देऊ. ती म्हणाली, भोकावर मेण टिकत नाही, मातीत ऊन लागलं की निघून जातं. तो म्हणाला, तुला नेहमी अडचणीच दिसतात. ती म्हणाली, मला अडचणी दिसतात म्हणून तुला झोप लागते. फिरकी बाजूला उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. फिरकी म्हणजे ड्रमवरचा ताईचा हात. दिवसभर शीळ घालत ड्रमभोवती फिरायचा म्हणून त्याचं हे नाव पडलेलं. त्या दिवशी त्याची शीळ बंद होती.

शेवटी ताईने हात झटकले आणि म्हणाली की बर्नर येईपर्यंत मी ड्रम चालवणार नाही, काय करायचं ते कर. धाकट्याचे कान लाल झाले. त्याला असं कधी कोणी बोललेलं नव्हतं, म्हणजे ताई सोडून, आणि तीही नेहमी दार लावून बोलायची.

"मग नको चालवूस," तो म्हणाला. "उद्यापासून गोण्या भरायला बस. ड्रम मी बघतो."

सगळ्यांना वाटलं, आता आभाळ कोसळणार. ताईने ॲप्रन सोडला, हातमोजे काढले आणि दोन्ही फिरकीच्या हातात दिले. फिरकीने ते असे धरले, जणू कोणाचं तान्हं बाळ हातात आलंय. उद्यापासून कशाला, म्हणून ती तशीच चालत गोण्यांच्या शेडमध्ये गेली आणि पाटावर बसली. तिचं रक्त उकळत होतं. ड्रम हातचा गेला याचा राग होताच, पण मघाशी तो बोलताना एकदाही तिच्या डोळ्यांत बघत नव्हता, याचा जास्त होता.

शेडमध्ये शिलाईवाली मावशी होती आणि आणखी चौघी बायका. मावशीने विचारलं, काय ताई, बढती का. ताई म्हणाली, हो, बसून काम आहे. बायका हसल्या आणि हसता हसता त्यांनी तिला जागा करून दिली.

धाकट्याने ड्रम चालवला, खोटं कशाला बोला, मन लावून चालवला. बाह्या वर करून तो फिरकीच्या बरोबरीने राबला, गंधकाच्या वासाने खोकला, मेणाने हात भाजून घेतला. माल बाहेर पडला तो असा पिवळाधमक आणि तुकतुकीत, की बघत राहावं. मेण जास्त पडलं होतं ना. गंधक कुठे बसलं आणि कुठे नाही, ते मेणाच्या आणि पावडरीच्या खाली कोणाला दिसतंय. धाकटा ओंजळभर दाणे घेऊन शेडमध्ये आला आणि ताईच्या पुढ्यात धरले. बघ, म्हणाला. मोठा आनंद झाला होता त्याला, लहानपणी चित्र काढून दाखवायला यायचा तसा आला होता.

ताईला क्षणभर वाईट वाटलं त्याचं. पण तिने आपला पाण्याचा ग्लास पुढे ओढला.

आता हा ग्लास काय ते सांगायला हवं. लहानपणी दोघं सुट्टीत कारखान्यात यायची. धाकट्याला एक खोड होती. बादलीत साध्या युरियाच्या चार ओंजळी टाकायचा आणि त्यात आपली पाण्याची बाटली बुडवून ठेवायचा. युरिया विरघळताना पाणी गार पडतं, हाताला झिणझिण्या येतील इतकं. भर उन्हात पोरगं गार पाणी पीत बसलेलं बाबांना सापडलं, त्यांनी त्याचा कान पिरगाळला, आणि मग त्याच जागी खुर्ची ओढून विचार करत बसले. दुसऱ्या दिवसापासून धाकट्याची खोड ही कारखान्याची परीक्षा झाली. ड्रममधून माल निघाला की ग्लासभर पाण्यात दोन मुठी दाणे टाकायचे, ढवळायचं आणि ग्लास हातात धरून बसायचं. हात गार पडला नाही तर लेप अंगभर बसलाय. हात गार पडला तर दाणा आतून उघडा आहे, माल बाद. बाबा सगळ्यांना सांगायचे, ही युक्ती माझ्या पोराची. एवढं कौतुक त्यांनी दुसऱ्या कशाचं केलं नाही.

तर ताईने ग्लासात दोन मुठी दाणे टाकले, बोटाने ढवळलं आणि ग्लास त्याच्यापुढे केला. धर, म्हणाली. धाकट्याने हात पुढे केला नाही. मला कामं आहेत, म्हणाला. ती म्हणाली, किती वेळ लागतो, धर ना. तो म्हणाला, माल चांगला आहे, सकाळी लॉरी येते, भरायला घ्या. आणि निघून गेला.

ताईने ग्लास स्वतःच धरला. बायका काम थांबवून तिच्याकडे बघत होत्या. चहा आला, चहा संपला. ताईने ग्लास मावशीच्या गालाला लावला, मावशीने दचकून तोंड मागे घेतलं. मग ताईने पाणी ओतून दिलं आणि तळाशी राहिलेलं हातावर घेतलं. गंधकाची पिवळी टरफलं होती, चिमटीत धरली की चुरा होणारी. आत काही नव्हतं.

"फोन करा ना ताई त्या बाईंना," फिरकी दारातून म्हणाला. ड्रम बंद करून तो केव्हाचा तिथे येऊन उभा होता. ताई म्हणाली की मी भावाच्या चहाड्या करणार नाही. सांगायचं तर तोच सांगेल, त्याच्याच तोंडाने. फिरकी म्हणाला, साहेब सांगतील? ताई म्हणाली, लहानपणी सांगायचा. उशिरा सांगायचा, पण सांगायचा.

मग तिने समोरच्या ढिगातली वरची गोणी उचलली. बाबा नेहमीच्या रागात तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच वाटलं की यांच्या रागाला काहीतरी कारण आहे. यांचं तोंड लावून हा माल रोपवालीच्या दारात जाणार, ती बाई विश्वासाने कुंड्या भरणार, आणि आठवड्याभरात रोपं माना टाकणार. माल अडवणं तिच्या हातात नव्हतं, कारखाना त्याचा होता. पण तोंड दोघांच्या बापाचं होतं. तिने गोणीत हात घातला, तळाची दोन टोकं पकडली आणि गोणी आतली बाहेर करून टाकली. बाबा आत गेले आणि बाहेर राहिली पांढरी, कोरी बाजू. तिने ती माल भरायच्या नळीखाली धरली आणि भरली.

मावशीने बघितलं आणि विचारलं, अशाच शिवू? ताई म्हणाली, अशाच. मावशीने मशीन लावलं. बाकीच्या चौघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि एकेक करून सगळ्यांनी आपापल्या गोण्या फिरवल्या. त्यांनीही ग्लास बघितला होता.

धाकटा आला तोपर्यंत अर्ध्याहून जास्त गोण्या शिवून भिंतीला लागल्या होत्या. त्याला आधी कळेचना काय वेगळं आहे. मग जवळ जाऊन बघितलं. कोऱ्या बाजूतून बाबा पुसट दिसत होते, जिना चढून जाणाऱ्या माणसाची पाठ दिसावी तसे. हे काय लावलंय, त्याने विचारलं. सरळ करा सगळ्या.

"या मालावर मी बापाचं तोंड लावणार नाही," ताई म्हणाली. "तुझं लाव. स्वतःचं तोंड छापून आण, त्या गोण्या मी हसत भरते."

त्याने मावशीला सांगितलं, उसवा आणि सरळ करा. मावशी अदबीने म्हणाली, साहेब, मी आपली शिवणारी, ताई गोणी देतात तशी शिवते. त्याने दुसरीला सांगितलं, तिने ताईकडे बघितलं. धाकट्याने मग आवाज चढवला आणि ताईला म्हणाला की तुझा हा हट्ट चालायचा नाही, उद्या या शेडमध्येही दिसू नकोस. ताई म्हणाली, उद्या सकाळी लॉरी निघेपर्यंत दिसणार, मग तू म्हणशील तिथे दिसणार नाही. आणि तिने पुढची गोणी फिरवायला घेतली.

उसवून पुन्हा भरायला वेळ नव्हता हे त्यालाही दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, राहू दे, बाईला खत हवंय, फोटो नाही. आणि पाय आपटत गेला.

संध्याकाळी त्याने आईपाशी तक्रार केली. आई त्याच्याकडे राहायची आणि ताई रोज घरी जाताना तिथे डोकावून जायची, तशी ती आत्ताही दारात होती. धाकट्याने सगळं सांगितलं, बाबांचं तोंड आत घातलंन म्हणाला, आणि आईकडून न्याय मागितला. आई भाजी निवडत होती. म्हणाली, जन्मभर बघितलंय मी ते तोंड, बाहेर असलं काय आणि आत असलं काय, राग तेवढाच. मग थोड्या वेळाने भाजीकडेच बघत तिने विचारलं की ग्लास धरलास का. धाकटा उठून गेला. ताईने पदराने कपाळ पुसलं आणि ती घरी गेली.

सकाळी लॉरी फाटकात शिरली आणि रोपवाली उतरली. धिप्पाड बाई, हाताच्या नखांत कायमची माती, बोलणं मोजकं. तिची एक रीत होती. माल चढायच्या आधी पहिल्या गोणीवरच्या बाबांच्या गालावर दोन थापट्या मारायची आणि म्हणायची, काय हो, अजून दाढ दुखतेय का? ती रोपवाटिका सुरू करत होती तेव्हा बाबांनी तिला स्वतः जाऊन खत कसं घालायचं ते दाखवलं होतं, तेव्हाची ओळख. त्या दिवशीही ती सवयीने रांगेपाशी गेली आणि हात उचलला. हात तसाच राहिला. तिने दुसरी गोणी बघितली, मग तिसरी. वाकून मागची बघितली.

"बाबा कुठे गेले?" तिने विचारलं.

बायका शेडच्या दारात येऊन उभ्या होत्या. फिरकी ड्रमच्या खोलीतून मान काढून बघत होता. धाकटा हसला आणि म्हणाला की छपाईवाल्याने घोळ घातला, कोऱ्याच पाठवल्या, आत माल तोच आहे. रोपवाली म्हणाली, कोऱ्या नाहीयेत या, आत काहीतरी दिसतंय. धाकटा म्हणाला, तेच ना, उलट्या बाजूने छापलं त्याने. बोलता बोलता त्याने एकदा ताईकडे बघितलं, ती आता बोलणार या भीतीने. ताई आत गेली, ग्लासभर पाणी घेऊन आली, सांडलेल्या दाण्यांतल्या दोन मुठी उचलून त्यात टाकले, ढवळलं, आणि ग्लास भावापुढे धरला.

या वेळी समोर गिऱ्हाईक होतं. त्याने ग्लास घेतला.

रोपवालीने विचारलं की छपाईवाला बदलला का. धाकटा म्हणाला, नाही, तोच आहे, त्याचं मशीन बिघडलं होतं. ती म्हणाली, लेप नेहमीचाच ना, कारण मी या खेपेला कलमांच्या कुंड्यांत पण घालणार आहे, वर्षभराची मेहनत आहे माझी. धाकटा हो म्हणाला. मग म्हणाला, म्हणजे बर्नरचा थोडा प्रश्न आला होता. मग म्हणाला, पण गंधक आम्ही दुप्पट, आणि तिथे थांबला. त्याने ग्लास उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. थोड्या वेळाने परत उजव्यात घेतला.

ताई त्याच्या समोर उभी होती. तिला ठाऊक होतं त्याच्या तळव्याला काय लागतंय. तो आत्ता काय म्हणेल यावर त्या कुंड्या अवलंबून होत्या, आणि तो खोटं बोलला असता तर ती उद्यापासून त्याला भाऊ म्हणू शकली नसती. ड्रम गेला असता तर चाललं असतं. हे चाललं नसतं.

"बोल ना," ती हळू म्हणाली. "युक्ती तुझीच आहे."

धाकट्याने ग्लासकडे बघितलं. पाणी गढूळ झालं होतं आणि काचेवर बाहेरून घाम आला होता. मग त्याने मान वर करून रोपवालीकडे बघितलं.

"गार पडलाय," तो म्हणाला. "हा माल नेऊ नका. तुमची रोपं मरतील."

रोपवालीने ग्लास त्याच्या हातातून घेतला, स्वतः धरून बघितला आणि ओट्यावर ठेवला. धाकटा खाली बघत उभा होता. तो म्हणाला की बर्नर आला की पुन्हा करून देतो, पण दिवस चुकेल, आणि दिवस चुकेल हे त्याने दोनदा म्हटलं.

"रिकामी गाडी नेता येते मला," रोपवाली म्हणाली. "मेलेली कलमं नेऊन कुठे ठेवू?" मग ती लॉरीकडे वळली, आणि पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "बाबा बाहेर आले की कळवा."

लॉरी गेली. ती पुन्हा येईल की दुसरीकडे जाईल, हे कोणालाच सांगता आलं नसतं. फाटक उघडंच राहिलं. धाकटा वळला आणि ताईला म्हणाला, झालं तुझं समाधान? ताई म्हणाली, समाधान कसलं डोंबलाचं, बर्नर कुठवर आलाय ते विचारलंस का? तो म्हणाला, विचारतो. मग खांदे पाडून म्हणाला की ड्रमवर ये परत, तुझा ॲप्रन फिरकीकडे आहे.

"येईन," ती म्हणाली. "आधी बाबांना बाहेर काढ."

तो म्हणाला, सांगतो बायकांना. ताई म्हणाली, बायकांनी त्यांना आत घातलं ते तुझ्या मालापायी, बाहेर तू काढायचंस, आणि एकट्याने. फिरकी मदतीला पुढे सरकला तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो दोन पावलं मागे झाला.

साहेब शेडमध्ये पाटावर बसले. मावशीने कात्री धाकट्याच्या हातात दिली. त्याने पहिली गोणी उसवली, माल बाद ढिगावर ओतला, आत हात घातला आणि तळाची टोकं धरून ओढली. बाबा बाहेर आले. भुवयांत आणि मिशीत शंखजिऱ्याची पावडर बसली होती, एका दिवसात म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. त्याने बाहीने त्यांचं तोंड पुसलं, गोणी झटकून बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. ढीग भिंतीइतका उंच होता. त्याची बोटं सोलवटली, चहाची वेळ झाली आणि गेली, बायका जेवून आल्या.

ताईने एकाही गोणीला हात लावला नाही. पण ती गेलीही नाही. शेवटची गोणी सरळ होईपर्यंत ती दारात हात बांधून उभी होती, भुवया चढवून आणि ओठ आवळून, आणि मावशी शेजारणीला म्हणाली की बघ, उद्या गोणीवर ताईंचं तोंड छापायचं झालं तरी नवा फोटो काढायची सुद्धा गरज नाही.